एक उणे वीस

हॅरॉल्ड सटक्लिफ नोव्हेंबरात पेटी घेऊन आले,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेली.
उमेदीची वर्षं त्यांनी गिरणीसाठी बॉबिन कातले,
गिरण्या मिटल्यावर खुर्च्यांचे पाय,
आणि आता ऐंशीला टेकताना
आमच्या बालवर्गासाठी बीचच्या दहा पट्ट्या:
एकाची एवढीशी, दहाची वीतभर.
शिवाय वीस सुटे ठोकळे,
वीस खाचांच्या फळीत बसणारे.
"रंग नका देऊ," म्हणाले,
"रंग दिला की पोरं रंगच शिकतात."

मी इथे मदतनीस.
नाकं पुसते, बुटांचे बंद बांधते,
टॉडमॉर्डनला दुपारीच अंधारतं तेव्हा दिवे लावते.
माझ्या वडिलांना औटकी तोंडपाठ होती,
साडेतिनाचा पाढा, न अडखळता.
माझ्यापर्यंत पावकीसुद्धा पोचली नाही.
जे पोचलं ते जिभेवरच राहिलं,
हाताला कधी लागलं नाही.
बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा सात उचलला.
दुसऱ्या हातात तीन आणि चार.
तसूभराचाही फरक नव्हता.
कुणी बघत नाही असं पाहून
मी पुन्हा एकदा उचलून पाहिला.

मॅग्डा पाच चाटून बघते.
जुबैरचा जिना दहापर्यंत चढतो
आणि बाहीला लागून कोसळतो.
ओटिस आकडे बोलत नाही,
एकूणच फार बोलत नाही,
पण आठाशेजारी पाच ठेवतो, पाचापुढे चार,
चार बाहेर डोकावतो तेव्हा कपाळाला आठ्या घालतो,
चार काढून तीन लावतो,
आणि सांध्यावरून बोट फिरवतो
जसं सुतार फिरवतो.

जानेवारीत एक ठोकळा हरवला.
गालिचा झटकला, खिसे उलटे केले,
जुबैरला दोनदा विचारलं (अन्याय झाला, कबूल).
त्याच आठवड्यात टीगन यायची थांबली.
आई तिला घेऊन रात्रीतून कुठेशी गेली
एवढंच ऑफिसातून कळलं.
खुंटीवर तिचं नाव, खाली बेडकाचे बूट.

मुलं फळी भरतात आणि ओरडतात, "नाइन्टीन!"
नऊ आणि दहा, जे आहे ते मोजलं,
हिशेब चुकता.
मी ओठांत म्हणते, एकोणीस,
आणि इतकी वर्षं न ऐकलेलं ऐकू येतं:
वीस, एक उणा.
माझी भाषा आधी पुढच्या दहाच्या दारात जाऊन उभी राहते
आणि कोण आलं नाही ते सांगते.
एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वद.
नव्याण्णवला मात्र तिचा धीर सुटतो.
का, ते वडिलांनाही माहीत नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
पण एकदा ओटिसच्या बोटाने
मोकळी खाच दाबून पाहिली,
एकदा, आणि पुन्हा,
आणि मग त्याने एकोणीसच्या एकोणीस ठोकळे
एकेक घर सरकवले,
खाच शेवटून सुरुवातीला आणली,
परत शेवटाला नेली.
भरायला काही नव्हतं.
तरी तो ती कुठे शोभेल हे बघत होता.

जूनमध्ये रेडिएटर काढला रंगासाठी.
मागे सतरा पेन्सिली, अर्धं बिस्किट, आणि ठोकळा,
केसाळ धुळीत, एका अंगाने तडकलेला.
उष्णतेने जरा फुगला होता की आखडला होता,
खाचेत बसेना.
हॅरॉल्ड म्हणाले, "आण इकडे, तासून देतो."
मी हो म्हटलं.
तो अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.
टीगनचे बेडूक-बूट आता मॅग्डाच्या भावाला येतात.